भैरोबाचं सोंग आणि मक्याचं तेल

जव्हारला लोक हवा खायला जातात. राजवाडा बघतात, हनुमान पॉइंटवर दरीकडे पाठ करून फोटो काढून घेतात आणि येताना काजू आणतात. मी आणि माझी भाची अनघा मात्र तिथे माणसांना घाबरवायला गेलो होतो. तेही रीतसर, तिच्या कॉलेजच्या परवानगीचं पत्र घेऊन.

परत आल्यावर नाशिकमध्ये मी हे ज्यांना सांगितलं, त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग सहानुभूतीने आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. म्हणून आता सगळं नीट सांगते. माझा गोंधळ अजून पुरता मिटलेला नाही. तुमचाही झाला तर मला सोबत होईल.

अनघा मुंबईत औषधशास्त्रात पीएचडी करते. तिच्या अभ्यासाचं द्रव्य गांजाच्या झाडात सापडतं, हे तिने आम्हाला दिवाळीच्या फराळाला सांगितलं तेव्हा माझ्या बहिणीच्या हातून चकलीचा डबा सुटला.

"मावशी, तू तरी ऐक," अनघा म्हणाली. "त्या झाडात कितीतरी द्रव्यं असतात. एकाने नशा येते. सीबीडी नावाचं दुसरं एक आहे, त्याने नशा येत नाही. उलट प्रयोगांत असं दिसतंय की त्याने माणसाची भीती, धास्ती कमी होते."

"म्हणजे गांजातून गांजा काढला की जे उरतं ते."

"हो. म्हणजे, नाही. आणि 'दिसतंय' म्हणाले मी, 'सिद्ध झालंय' नाही. उंदरांना बेताचं दिलं तर ते धीट होतात, फार दिलं तर काहीच होत नाही."

फार दिल्यावर काहीच न होणारं औषध मी तोवर ऐकलं नव्हतं. तिथून माझा गोंधळ सुरू झाला.

आता भीती कमी होते का हे बघायचं तर आधी भीती आणायला हवी. त्यासाठी परदेशात म्हणे माणसाला अचानक कॅमेऱ्यापुढे उभं करून भाषण करायला लावतात. घाम फुटतो, छाती धडधडते. नाडी मोजायची, आणि कागदावर एक आडवी रेघ आखून विचारायचं, तुम्हाला किती भीती वाटली तिथे खूण करा. खरं औषध अनघाच्या हातात यायला अजून अवकाश होता, परवानग्या अडकल्या होत्या. तोवर तिच्या सरांनी तिला सांगितलं, मुंबईतली मुलं कॅमेऱ्याला घाबरतात हे ठीक आहे, पण डोंगरातली माणसं घाबरतात का ते बघून ये. सोबत तिने कॅप्सूलची एक बाटली घेतली होती. आत नुसतं मक्याचं तेल. लोक कॅप्सूल गिळतात का, गिळून तासभर थांबतात का, एवढंच त्यातून बघायचं आणि ज्याला द्यायची त्याला हे तेल आहे असं स्पष्ट सांगायचं.

माझ्याकडे कॅमेरा धरायचं काम होतं. ह्यांनी मला बसमध्ये बसवून दिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं नाही, हे मी नोंदवून ठेवते.

जव्हार

स्टँडवर आम्हाला घ्यायला काशिनाथ आला होता. त्याची बायको सुमन ही अनघाची हॉस्टेलमधली मैत्रीण, जव्हारला शाळेत शिक्षिका. काशिनाथ स्वतः मोखाड्याला सरकारी ऑफिसात क्लार्क. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्याने माझी बॅग उचलली आणि पुढे टाकायचं पाऊल मागे घेऊन विचारलं, "ताई, औषध आणलंय ना?"

"कसलं औषध?" अनघा म्हणाली.

"सुमन म्हणाली, भीती जायचं औषध आहे तुमच्याकडे. मला चार दिवसांनी लागतंय."

त्याचं असं होतं. मोखाड्याच्या पुढे त्याचं गाव, म्हणजे एक पाडा. तिथे चैत्रात बोहाडा असतो. बोहाडा म्हणजे देवांची सोंगं नाचवायची. मोठे लाकडी मुखवटे, प्रत्येक मुखवटा एकेका घराकडे. घरातला पुरुष तो डोक्यावर बांधतो आणि संबळाच्या तालावर देवीच्या थळापर्यंत, म्हणजे तिच्या ठाण्यापर्यंत, नाचत जातो. काशिनाथच्या घराकडे भैरोबाचं सोंग होतं. आजवर त्याचे वडील नाचवत. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी राम म्हटला आणि मुखवटा काशिनाथकडे आला. तो नाचला नाही, किंवा नाचून गावाला पटला नाही, तर सोंग चुलत्याच्या घरी जाणार. आणि एकदा गेलेलं सोंग परत येत नाही.

"माझे पाय थरथरतात, मावशी," तो मला म्हणाला. ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. "साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तरी थरथरतात."

"घरात झुरळ आलं तर मला हाक मारतो हा," सुमनने घरी पोहोचल्यावर माहिती पुरवली. "आणि आता भैरोबा होणार! राक्षस आला की म्हणेल, सुमन, जरा बघ गं."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये आमचं दुकान मांडलं. परीक्षेचे दिवस, त्यामुळे दुपारी शिक्षक मंडळी मोकळी होती. अनघाने मला बजावून ठेवलं होतं, "बोलणाऱ्याकडे बघून हसायचं नाही, मान हलवायची नाही. समोरचा चेहरा कोरा असला की भीती वाढते." माझा चेहरा! माझा चेहरा जन्मात कधी गप्प बसलेला नाही. मी तो हँडीकॅममागे लपवला.

पहिले आले वाघ गुरुजी. उंच, पांढरी टोपी. अनघाने आयत्या वेळी विषय दिला, शहरातली वाहतूक. गुरुजींनी घसा साफ केला.

"व्यासपीठावरील मान्यवर," ते म्हणाले.

व्यासपीठ नव्हतं. मान्यवर म्हणजे बाकावर मांडी घालून बसलेली मी. वाहतुकीचं गुरुजींनी एका वाक्यात भलं केलं, मग ते मोखाड्याच्या पाणीटंचाईवर आले, तिथून स्त्रीशिक्षणाकडे वळले आणि मग स्वतःची एक कविता म्हणाले. अनघा "वेळ संपली" म्हणाली. गुरुजी "वेळेचं भान मला आहे" म्हणून वेळेच्या महत्त्वाकडे वळले. दारात आणखी चौघे शिक्षक जमले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी आभारप्रदर्शन झालं. त्यात माझाही उल्लेख आला.

नाडी मोजली तर ती बोलण्याआधी जलद होती आणि बोलल्यावर झोपलेल्या बाळासारखी. रेघेवर खूण करताना गुरुजींनी 'अजिबात भीती नाही' हे टोक शोधलं, मग विचार करून खूण त्याच्याही पलीकडे, रेघेच्या बाहेर केली.

"ताई, पुन्हा घ्यायचं का? मधे माझा चष्मा घसरला होता."

बाकीच्यांचं तेच. ग्रामसभा, झेंडावंदन, निरोप समारंभ, साक्षरता, पोलिओ. या माणसांना जागा आणि ऐकणारा मिळाला की त्यांचा थकवा उतरतो. संध्याकाळपर्यंत अनघाने सात जणांना घाबरवायचा प्रयत्न केला आणि सातही जण ताजेतवाने होऊन घरी गेले. आमच्या नाशिकच्या कॉलनीत वार्षिक सभेत दोन शब्द बोला म्हटलं तर पुरुष मंडळी बुटाच्या नाड्या बांधायला लागतात. मी हे अनघाला सांगितलं. तिने डोकं हातात धरलं होतं.

ऑफिस सुटल्यावर काशिनाथ आला. "मलाही घ्या," म्हणाला. तो कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. विषय ऐकला. तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. कपाळावर घाम आला, आणि मग त्याची पँट वाऱ्यावर वाळत घातल्यासारखी हलायला लागली. आत पाय होते.

अनघाचा चेहरा खुलला. खोटं कशाला बोलू, माझाही खुलला. दिवसभरात पहिल्यांदा आमचं यंत्र चाललं होतं. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनाही लाज वाटली.

"ही थरथर," काशिनाथ खुर्चीत बसत म्हणाला. "हीच. आता द्या."

"माझ्याकडे औषध नाहीये," अनघा म्हणाली. "देवाशपथ. या बाटलीत मक्याचं तेल आहे."

काशिनाथ पहिल्यांदाच हसला. "ताई, मी सरकारी ऑफिसात आहे. 'शिल्लक नाही' म्हणजे काय, ते मीच लोकांना रोज सांगतो. वस्तू कपाटात असते."

"अरे, खरंच नाही!"

"बरोबर. गांजाचं आहे, कायद्याचा प्रश्न आहे. तुम्ही तेल म्हणायलाच पाहिजे. मी कुठे बोललोय काही?" आणि त्याने खिशातल्या पेनांवर हात ठेवून मान हलवली, जणू दोघांनी मिळून एखादी फाइल दाबून ठेवली होती.

त्यानंतर अनघा जितकं जोर देऊन तेल म्हणाली, तितका तो निर्धास्त झाला.

दाभोसा

तिसरा दिवस सुट्टीचा होता. सुमनने ठरवलं की पाहुण्यांना धबधबा दाखवायचा. जीपमध्ये किती माणसं बसतात हे मला नाशिकला माहीत होतं, जव्हारला माझं ज्ञान वाढलं. माझ्या मांडीवर एक कोंबडी होती. उतरताना तिच्या मालकिणीने "ये बाय, धरलीस त्ये बरा केलास," असं म्हणून मला दोन मुठी करवंदं दिली.

वाटेत डोंगरउतारावर जागोजागी काळे चौकोन दिसत होते. मला वाटलं वणवा लागला. सुमन म्हणाली, ती राब भाजलेली जमीन. पाला, शेण पसरून जाळायचं आणि पाऊस पडला की तिथे भाताचं रोप टाकायचं. उघडे तपकिरी डोंगर, काळी ठिगळं आणि मधेच पळसाचं एखादं झाड. चैत्रातला दाभोशाचा धबधबा म्हणजे कड्यावरून कुणीतरी सोडलेली पांढरी नाडी होती. पण खालचा डोह हिरवागार. तिथे मी पाय बुडवायला गेले आणि माझी डाव्या पायातली चप्पल शांतपणे डोहाच्या मध्याकडे निघाली. काशिनाथने पँट दुमडली, कमरेपर्यंत पाण्यात शिरला आणि घेऊन आला. खडक शेवाळलेले, खाली खोल पाणी. त्याचे पाय जरासुद्धा थरथरले नाहीत.

"अरे, तू तर धीट आहेस!" मी म्हणाले.

"पाण्याचं काय भ्यायचं?"

मग आम्ही सावलीत करवंदं खात बसलो. चीक लागून माझे ओठ एकमेकांना चिकटायला लागले, त्यामुळे मी गप्प होते. त्यामुळेच बहुधा तो बोलला.

"मावशी, तुम्हाला खरं सांगू? बाला, म्हणजे माझ्या वडलांना, सोंगात वारं येतं. वारं म्हणजे देव अंगात येतो. आधी बोटं हलतात, मग हातातली तलवार, मग सगळं अंग. गाव तेच बघायला थांबलेलं असतं. थरथर आली म्हणजे भैरोबा आला. नाही आली तर सोंग जागं झालं नाही म्हणतात. मग चुलत्याचा धर्मा उभाच आहे कंबरेला टॉवेल बांधून."

"मग झालं तर!" माझे ओठ सुटले. "तुझी तर आयती थरथर आहे. गाव खूश!"

"तेच तर," तो म्हणाला. "बाला देव येतो. मला भीती येते. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं. माझी भीती बघून म्हाताऱ्या बाया पाया पडणार. नारळ फोडणार. ते मला नाही जमायचं." त्याने एक करवंद हातात फिरवलं. "म्हणून औषध पाहिजे. भीती तेवढी काढून टाकायची. मग त्यानंतर पण थरथरलो, तर तो देव. नाही थरथरलो, तर धर्माला देऊन टाकू. पण खोटं नको."

अनघा त्याच्याकडे बघतच राहिली. इतकी की तिच्या हातातला करवंदांचा द्रोण कलंडला.

सुमन सांडलेली करवंदं वेचायला लागली. मला मात्र आमच्या कॉलनीचा गणपती आठवला. तिथे आरतीला कुणी थरथरलं तर आम्ही त्याला खुर्ची देतो, पंखा लावतो आणि लिंबूसरबत पाजतो. देव येत असला तरी आमच्याकडे तो सरबत पिऊन परत जात असणार.

मोखाड्याच्या पुढे

चौथ्या दिवशी पाड्यावर पोहोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. मोखाड्याचा उन्हाळा वाईट. विहिरीवर हंड्यांची रांग होती, बायका कठड्याला टेकून टँकरची वाट बघत होत्या. आम्हा दोघींना मिळून अंघोळीला एक बादली मिळाली आणि ती देताना सुमनच्या सासूचा चेहरा असा होता की मी अर्धी परत केली.

काशिनाथचे वडील, ज्यांना सगळे बा म्हणतात, ओट्यावर पाय पसरून बसले होते. काटक, दात कमी, डोळे फार जागे. जेवण मात्र काय होतं! नागलीची गरम भाकरी, खुरासणीची काळी चटणी, उडदाची आमटी आणि भाजलेला सुका बोंबील. नागलीची भाकरी मी नाशिकला डॉक्टरांच्या सांगण्यावरून खाते, इथे चवीसाठी तीन खाल्ल्या. बा माझ्याकडे बघत होते. "नाशिककरीण जेवती बरी," ते बायकोला म्हणाले.

घरात कोपऱ्यात भैरोबाचा मुखवटा टेकून ठेवला होता. लालभडक, वटारलेले डोळे, मिशा, वर मुकुट, कपाळाला ताजी हळद. मी उचलून बघायला गेले तर सगळं घर ओरडलं. बाईने शिवायचा नसतो. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

अंगणात बसलो असताना काशिनाथने अनघाला विचारलं, "उद्या किती आधी घ्यायची?"

"काय घ्यायचं रं?" बा म्हणाले.

काशिनाथ थांबला. पण बापाशी त्याला खोटं बोलता येत नसावं. "थरथर जायची गोळी आहे, बा. ताईंनी आणलीय."

बांनी पसरलेले पाय जवळ घेतले. ते गुडघे बघता सोपं नव्हतं.

"थरथर गेली त येल कोण?" त्यांनी विचारलं.

आणि उत्तराची वाट न बघता ते पुढे म्हणाले,

"देवाला यायाची वाट ती. तू वाटच बुजवशील त तो काय पत्रा काढून येल?"

"बा, माझी थरथर देवाची नाहीच. भीतीची आहे."

"तुला कोन बोलला?"

"मला आतून कळतं."

"लय शिकलास," बा म्हणाले. मग अनघाकडे वळले. "बाय, ती गोळी उतरवायाची पन गोळी आनलीस का?"

अनघा रडकुंडीला आली होती. "बा, त्यात काहीच नाहीये. तेल आहे हो, मक्याचं तेल! खाल्लं काय आणि न खाल्लं काय!"

बांनी लेकाकडे पाहिलं. लेकाने बापाला डोळ्यांनीच सांगितलं, असं म्हणावंच लागतं त्यांना. आणि त्या मुद्द्यावर बापलेकांचं एकमत झालं. बाटलीत औषध आहे, हे दोघांनीही गृहीत धरलं. एकाला ते हवं होतं, दुसऱ्याला नको होतं. खरं बोलणारी एकटी अनघा, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारं तिथे कुणी नव्हतं. मी होते, पण माझाही तोवर जरा डळमळला होता. मी तिला बाजूला नेऊन विचारलं, "खरंच तेलच आहे ना गं?" तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.

सकाळी काशिनाथने अंघोळ केली, धोतर नेसला आणि अनघापुढे हात पसरला.

"हे तेल आहे," ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "याने तुझी भीती जाणार नाही. तरी हवंय?"

"हो ताई."

तिने दिली. बरोबर केलं का, यावरून आम्ही नाशिकपर्यंत भांडत आलो.

"चढायला किती वेळ लागतो?"

"तेल चढत नाही, काशिनाथ!"

"बरं बरं. तासभर धरू."

रात्रभर एकेक सोंग निघून गेलं होतं, आम्ही झोपलो होतो. भैरोबा उन्हं आल्यावर निघणार होता. देवीच्या थळापर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी माणसं, झाडांवर पोरं, पिपाणी आणि संबळ. बांची खाट दोघांनी उचलून वाटेच्या कडेला आणली होती. पलीकडे चुलतभाऊ धर्मा उभा, कंबरेला पांढरा टॉवेल घट्ट बांधलेला. सोंग जागं झालं नाही तर थळापासून पुढे मुखवटा त्याच्या डोक्यावर जाणार.

माझ्याकडे कॅमेरा होता. पुढचा सगळा वेळ मी माझ्या पायांचं चित्रण केलं, हे नंतर कळलं.

घरातून भैरोबा बाहेर आला. मुखवटा, हातात तलवार, दोन्ही बाजूंना आधाराला दोन माणसं. आत आपला पेनवाला काशिनाथ आहे हे माहीत असूनही मी दोन पावलं मागे सरले. तो चालू लागला. पाऊल बरोबर पडत होतं, ताल बरोबर होता, आणि थरथर अजिबात नव्हती. वाळत घातलेली पँट नाही, काही नाही. काठीसारखा सरळ.

"थंड हाय," माझ्यामागची एक म्हातारी म्हणाली.

"लाकूड चालतंय नुसतं," दुसरी म्हणाली.

कुजबुज आमच्या पुढे पुढे चालायला लागली. अनघाचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, त्यात खरंच तेल होतं गं," ती पुटपुटली, आता स्वतःलाच सांगत असल्यासारखी. सुमनने माझं मनगट धरलं. झुरळाच्या गोष्टी सांगणारी सुमन, तिची नखं रुतली. धर्माने टॉवेलची गाठ चाचपली. बा काही बघतच नव्हते. ते खाली मान घालून ऐकत होते.

थळ आलं. संबळवाल्याने चाल बदलली, जलद आणि जवळ जवळ. भैरोबा देवीसमोर उभा राहिला. उभाच राहिला. धर्मा एक पाऊल पुढे आला.

मग तलवारीच्या मुठीला बांधलेले घुंगरू वाजले. बारीक, एखादं मांजर चालावं तसे. बांनी मान वर केली. काशिनाथची बोटं हलत होती. तिथून ते मनगटात आलं, खांद्यात, आणि मग तो सगळा, मुखवट्यासकट, असा हलायला लागला की आधाराच्या दोघांना पाय रोवून धरावं लागलं. पिपाणी किंचाळली. माझ्यामागच्या दोन्ही म्हाताऱ्या केव्हा जमिनीवर डोकं टेकून पालथ्या पडल्या, मला कळलंच नाही. नारळ फुटले. धर्माने कंबरेचा टॉवेल सोडला, गळ्यात टाकला आणि हात जोडले. सुमन रडत होती. मी पण. कशाबद्दल, ते विचारू नका.

सोंग घरी परतलं. मुखवटा उतरवून जागेवर ठेवला. काशिनाथ ओट्यावर बापाच्या पायाशी बसला, कपाळावर दोरीचे वळ, शर्ट नसलेलं अंग घामाने चमकत होतं. तो तांब्याभर पाणी प्यायला. अनघा त्याच्यासमोर उभी होती. तिने नाडी मोजली नाही, रेघेचा कागदही काढला नाही.

"ताई," तो म्हणाला, "आता सांगा. आता मी ऐकतो. काय होतं त्यात?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं, आणि मला वाटलं, हिने आता खोटं बोलावं. औषध होतं म्हणाली तर भीती गेली होती आणि जो आला तो देव. विषय मिटला, पोरगं सुखाने जगेल. तेल होतं म्हणाली तर काय आलं होतं ते कुणालाच कळणार नाही. मी तिला मागून चिमटा काढला.

"मक्याचं तेल," अनघा म्हणाली.

या वेळी त्याला पटलं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्याने आपले हात पुढे धरून पाहिले. बोटं आता शांत होती.

"घरातून निघालो तेव्हा भीती नव्हती," तो हळूच म्हणाला. "तुमच्या गोळीमुळे गेली असं वाटलं. मग बाया कुजबुजल्या, तेव्हा आली. आता आपण थरथरत नाही याची भीती. मग थळावर..." तो थांबला. "थळावर काय होतं, ते मला नाही सांगता येत."

त्याने रिकामा तांब्या बाजूला ठेवला.

"म्हणजे कळलं नाहीच," तो म्हणाला. "पुढल्या वर्षी सोंग परत घालावं लागेल. गोळीशिवाय."

बांनी लेकाच्या ओल्या पाठीवर हात ठेवला आणि ते आमच्या सगळ्यांकडे बघत, तोंडात दात कमी असलेल्या माणसाला जितकं मोठं हसता येईल तितकं हसले.

"आरं, मग मी येवढी वर्सं दुसरा काय केला?"